पाचच फुलं

मिसेस लुंडने कुंपणापलीकडून सहज विचारलं, "नो व्हॉलंटियर्स धिस इयर, मिस्टर के?" आणि मी हातात पाण्याचा पाइप धरून तसाच उभा राहिलो. पाणी वाफ्यात पडायचं सोडून माझ्या बुटात शिरत होतं, हे मोजे भिजल्यावर कळलं. माझं आडनाव करंबेळकर. बावीस वर्षं शेजारी राहून तिला ते म्हणता आलेलं नाही, म्हणून मिस्टर के. व्हॉलंटियर म्हणजे कोणी न पेरलेलं, गेल्या वर्षी झडलेल्या बियांतून आपणहून उगवलेलं रोप. हा शब्द मला माझ्या बायकोमुळे, शरयूमुळे, माहीत होता. मी म्हटलं, "यंदा थंडी लांबली ना, येतील." ती म्हणाली, हो, येतील की, आणि आपल्या खुरप्याकडे वळली. पण वळण्याआधी तिने वाफ्याकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या ओळखीची होती. शरयूच्या शेवटच्या महिन्यात ‘आज बरी दिसते’ म्हणताना लोक असंच पाहायचे. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता, साल सत्याऐंशी. अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या डुलुथच्या सरोवरावरचा बर्फ केव्हाच गेला होता. मिसेस लुंडची ट्यूलिप्स फुलली होती, आणि माझ्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगतचा बारा फूट बाय चार फुटांचा वाफा मी ऑक्टोबरात साफ केला तितकाच साफ होता.

घरात येऊन मी बूट काढले आणि ओले मोजे घालूनच स्वयंपाकघरात बसलो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. खाणीतलं खनिज बोटीत भरायच्या धक्क्यांची डिझाइन्स करण्यात माझी हयात गेली. पुढे खाणीच बंद पडायला लागल्या आणि साहेबांनी गोड शब्दांत लवकर निवृत्त व्हायला सांगितलं. एखादी तुळई का वाकली हे शोधायचं तर मागे मागे जायचं, ही माझी सवय. तशी मी त्या दिवशी मागे गेलो. रोप नाही, कारण बी नाही. बी नाही, कारण फूल झाडावर सुकलं नाही. फूल सुकलं नाही, कारण ते रोज सकाळी कोणीतरी खुडलं. हे कोणीतरी कोण, इथे माझं गणित थांबलं. मी उठून चहा टाकला, आणि तो उतू गेला.

शरयू सांगलीची, पोस्टमास्तरांची मुलगी. माहेरी सगळा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेलेला, कुंडीतसुद्धा कधी काही लावलेलं नव्हतं. चौऱ्याहत्तर साली मी हार्डवेअरच्या दुकानातून फावडं आणलं, त्यावर बियांचं एक पाकीट फुकट मिळालं. ते तिने भिंतीशी माती उकरून टाकून दिलं, अगदी कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं. उन्हाळ्यात निळी फुलं आली. इंग्रजीत त्यांना बॅचलर्स बटन म्हणतात, तिने नुसतं ‘बटणं’ म्हटलं. त्या वर्षी तिला त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. इथला हिवाळा म्हणजे उणे तीस, जमीन चार फूट खोल दगड होते. माणसाच्या नाकातलं पाणी गोठतं तिथे फुलाची काय कथा. पुढच्या मे महिन्यात मी ऑफिसला निघालो होतो आणि ती गाऊनवर माझा ओव्हरकोट घालून धावत गाडीपाशी आली. "अहो, आलीत! परत आलीत! मी काही केलं नाही हो, आपली आपण आलीत." मी काच खाली केली आणि म्हणालो, बिया पडल्या होत्या, त्या उगवल्या, त्यात एवढं काय. ती म्हणाली, "या देशात कोणी आपणहून येतं का सांगा. फोन करा, बोलवा, तारीख ठरवा, कॅलेंडरवर लिहा, मग येणार, आणि साडेआठला जाणार. ही बघा. न बोलावता आली." मला मीटिंगला उशीर होत होता. मी काच वर केली. तिला त्या वेळी इथे येऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत न बोलावता आमच्या दारात कोण आलं होतं हे मी कधी मोजलं नव्हतं. आता मोजतो. कोणीच नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी निळ्या फुलांत एक फूल वेगळं निघालं. पिकल्या जांभळाच्या रंगाचं, आणि पाकळीच्या टोकाला जराशी पांढुरकी किनार. त्या झाडाला तिने गजऱ्याचा दोरा बांधला. आजूबाजूची निळी उपटली. मी हसलो. त्याच्या पुढल्या वर्षी तशी तीन आली, मग नऊ. दर जुलैत निळं उमललं की ती ते झाड काढायची आणि जांभळं ठेवायची. शाळेत पोरांचे गट पाडावेत तसा तिचा तो उद्योग चालायचा. दहा वर्षांत वाफा सगळा जांभळा झाला. पाकिटात तो रंग नव्हता, मिसेस लुंडकडे नव्हता, दुकानात तर नाहीच. तो त्या अठ्ठेचाळीस चौरस फुटांतच होता आणि तो तिने केला होता. मी या देशात सात धक्के बांधले. त्यातले चार आता भंगारात काढलेत.

देव्हारा आमच्याकडे टॉवेल-चादरींच्या कपाटात, मधल्या फळीवर. शरयू रोज सकाळी वाफ्यातून पाच फुलं आणायची. गणपतीला एक, अन्नपूर्णेला एक, बाळकृष्णाला एक, कुलदेवीच्या टाकाला एक आणि एक असंच. पाच म्हणजे पाच. बाहेर शे-दीडशे फुललेली असायची. मी देव न मानणारा माणूस, पण चिडवायला पुढे. म्हणायचो, "देवाला रेशनकार्ड दिलंयस का? एवढी फुललीत, घाल की ढीगभर." ती म्हणायची, "पाचच. बाकीची त्यांची त्यांना." मला वाटायचं, हा सांगलीचा काटकसरी स्वभाव. त्यांची त्यांना म्हणजे कोणाची कोणाला, हे विचारावंसं मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य ती तबकातून नेऊन वाफ्यातच झटकायची. आमच्या वडिलांनी जन्मभर निर्माल्य कृष्णेत सोडलं, त्याची पिशवी वेगळी, ती खुंटीला वेगळी टांगलेली. मी म्हणायचो, हे काय, देवाचा कचरा बागेत? ती म्हणायची, "पायदळी येत नाही ना, बास." आणि सप्टेंबरात सगळी झाडं वाळून, काळी पडून, काटक्या होऊन उभी राहायची. ती त्यांना हात लावायची नाही. त्यांवर बर्फ पडायचा, बर्फातून त्या काटक्या वर यायच्या. मिसेस लुंडची बाग तोपर्यंत दाढी केल्यासारखी लख्ख झालेली असायची. मला लाज वाटायची. अगं, उपटून टाक ते, लोक काय म्हणतील. "असू देत," ती म्हणायची, "अजून त्यांचं काम संपलं नाही." हे सगळं ती बोलली होती. एकूण एक. मला काही सांगितलं नाही असं मला म्हणता येत नाही.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली. स्वादुपिंड. डिसेंबरात पाठ दुखते म्हणाली, आणि दहा आठवड्यांत संपलं. बर्फ इतका होता की ज्या गाडीतून तिला नेलं तिच्यापुढे बर्फ बाजूला सारणारी नांगराची गाडी चालत होती. वीणा, आमची मुलगी, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत नुकतीच लागली होती. ती आली, तीन आठवडे राहिली, फ्रिजवर माझ्या जेवणाच्या सूचना चिकटवून गेली. मग घर रिकामं झालं. मार्चमध्ये एका सकाळी टॉवेल काढायला कपाट उघडलं तर देव धुळीने माखलेले. साठ वर्षांचा मी, अंगावर पंचा, त्या फळीसमोर उभा राहून रडलो. देवांसाठी नव्हे. तिचा हात रोज जिथे फिरायचा तिथे धूळ बसली म्हणून. त्या दिवसापासून मी पूजा करायला लागलो. मंत्र येत नव्हते, ‘सुखकर्ता’ची दोन कडवी येत होती. देव्हाऱ्यात माणसाचा फोटो ठेवू नये म्हणतात, मी ठेवला. शरयूचा. आणि जून संपता संपता बटणं उमलायला लागली तेव्हा मला उन्हाळ्याचं प्रयोजन सापडलं. मी रोज पहाटे परडी घेऊन जायचो आणि सगळी खुडायचो. सगळी म्हणजे सगळी. पाठीमागची, भिंतीला चिकटलेली, पाण्याच्या पाइपाखाली लपलेली. एक राहिलं तरी मला तिच्या वाटचं हुकल्यासारखं व्हायचं. तिने जन्मभर देवाला पाचात बसवलं, आता तिला मी दीडशे घालत होतो. फोटो फुलांत बुडायचा, नुसते डोळे वर राहायचे. खुडलं की ही झाडं आणखी फुलतात. मला वाटायचं, तिला आवडतंय. दर रविवारी निर्माल्य कागदी पिशवीत भरून, सहा मैल गाडी चालवून सरोवराच्या काठी न्यायचो आणि पाण्यात सोडायचो. माझ्या वडिलांसारखं. यथासांग. वाफ्यात एक पाकळी पडू दिली नाही. ऑक्टोबरात गुडघ्यांना पट्टे बांधून मी वाफा साफ केला, काटक्या मुळासकट उपटल्या, दाताळं फिरवलं, माती चाळून सारखी केली. शरयूच्या माघारी तिच्या बागेला कोणी नावं ठेवू नयेत. मिसेस लुंड म्हणाली, किती नीट केलीत, मिस्टर के. मला इतकं बरं वाटलं की मी तिला घरी कॉफीला बोलावलं. तारीख ठरवून.

तेव्हा खुडणारा तो कोणीतरी मी. हे मे महिन्यातल्या त्या दुपारी, उतू गेलेल्या चहासमोर, मला स्वच्छ समजलं. कर्करोगावर माझा इलाज नव्हता. पण ती गेल्यावर तिचं जे आपणहून येणार होतं ते मी दीडशे रोज या दराने वेचून सरोवरात टाकलं, आणि टाकताना हात जोडले.

रविवारी वीणाचा फोन आला. दर रविवारी येतो, तिथले दहा, इथले बारा. "बाबा, आय अॅम सिरियस. अजून एक विंटर तिथे एकटा? का पण? माझ्या कॉम्प्लेक्समध्येच टू बेडरूम आहे. तू नुसतं हो म्हण, मी डिपॉझिट भरते." हे वर्षभर चाललं होतं, आणि वर्षभर माझं उत्तर एकच होतं: तुझ्या आईची फुलं दर वर्षी येतात, घर बंद असलं तर ती कोणासाठी येणार? त्यावर ती विषय बदलायची, कारण ते खरं होतं. त्या रविवारीही मी सवयीने तेच म्हणालो. ती म्हणाली, "ओके. मग मी जुलैत येते. एंड ऑफ जुलै, फुल ब्लूम असेल ना? मला बघायचीत. अँड बाबा, या वेळी बिया ठेव हं. लास्ट इयर तू म्हणालास पुढच्या वर्षी. माझ्या बाल्कनीत लावीन. आईचा कलर." मी म्हटलं, "ठेवतो." फोन ठेवल्यावर माझा हात बराच वेळ रिसीव्हरवरच होता. खोटं बोललो असं वाटलं नाही. अजून जून यायचा होता. जमिनीत जुनी एखादी बी असेल, दोन वर्षांपूर्वीची, खोल गेलेली. मी हिशोबाचा माणूस, पण त्या दिवशी मी हिशोब केला नाही.

आणि जूनमध्ये खरोखरच कोंब वर आले. दहा-पंधरा नव्हे, शेकडो. मी वाफ्यापाशी बसकण मारली. शरयू दर मे महिन्यात इथे उकिडवी बसायची आणि तण वेगळं काढायची. एकदा मला म्हणाली होती, "अहो, इकडे या, दाखवते. बटणाच्या पानावर बारीक लव असते. हात लावून बघा, मांजराच्या कानासारखं लागतं. तणाला नसते." मी म्हणालो होतो, माझे गुडघे. एवढंच म्हणालो होतो आणि पेपर वाचायला आत गेलो होतो. आता त्याच गुडघ्यांवर बसून मी एकेक पान दोन बोटांत धरून पाहिलं. पानावर पांढरट काहीतरी होतं. बोटाला लागत होतं. लव. मी एकेका पानाला हात लावत बारा फूट सरकत गेलो आणि प्रत्येक पानावर ती होती. मला हसू यायला लागलं. मिसेस लुंडला हाक मारून सांगावंसं वाटलं, आले बरं का तुमचे व्हॉलंटियर्स. सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. देव न मानणारा माणूस मी. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. सशांसाठी जाळी लावली. रोपं वीतभर झाली, गुडघ्याएवढी झाली. पूजेला मी दुकानातली कार्नेशन्स आणायला लागलो, पाच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिसेस लुंड कुंपणाशी आली, बघत राहिली, आणि काळजीपूर्वक म्हणाली, "मिस्टर के, ते तुम्ही मुद्दाम वाढवताय का? ते लॅम्ब्सक्वार्टर आहे. तण आहे ते." मी म्हटलं, लव आहे त्याला. ती म्हणाली, ती लव नाही, पीठ आहे, पुसलं की जातं. मी पान पुसलं. पीठ गेलं. खाली साधं हिरवं, बदकाच्या पावलासारखं पान. आणि त्या क्षणी मला ते दिसलं. चाकवत. भाजीतला चाकवत. दर जूनमध्ये शरयू हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून ताकातली पातळ भाजी करायची. मी दोन वाट्या ओरपायचो आणि म्हणायचो, इंडियन स्टोअरवाला आता चाकवत पण ठेवायला लागला वाटतं. ती हसायची. स्टोअर तिथून दीडशे मैलांवर, मिनियापोलिसला. बारा वर्षं मी या वाफ्यातलं तण खाल्लं आणि ते कुठून येतं याची चौकशी केली नाही. मी मिसेस लुंडला म्हटलं, खातात हे आमच्याकडे. ती म्हणाली, ओ, हाऊ नाइस. मग मी गुडघ्याएवढा तो चाकवत सगळा उपटला. निबर झाला होता, खाण्याच्या लायकीचा नव्हता. उपटताना प्रत्येक झाडाच्या बुडाशी बघत होतो, सावलीत दबून एखादं दुसरं काही असेल. नव्हतं. उघड्या मातीकडे पाहून माझ्या मनात आलं, आपल्याला तिचं बाहेरचं बोलणंही कळलं नाही, मग ती आतल्या आत काय बोलत असेल. तेवीस वर्षांचा संसार. मी वाफ्याच्या कडेच्या विटेवर बसून राहिलो आणि डास चावत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला ते दिसलं. गॅरेजला बाजूचा एक दरवाजा आहे, त्याच्या पायरीशी खडी टाकलेली. शरयू बागेतून आली की त्या पायरीवर चपला आपटायची, पदर झटकायचा, मगच आत. त्या खडीत, पायरीला अगदी चिकटून, वीतभर उंचीचं, काडीसारखं एक झाड उभं होतं. मी रोज त्याच्यावरून पाय टाकून गेलो असेन. वर एकच कळी. पान करडं, अरुंद. मी खाली बसलो आणि बोट लावलं. पुसून पाहिलं, पुन्हा पुसून पाहिलं. लव गेली नाही. मांजराच्या कानासारखं. कळीच्या टोकाला जांभळाचा रंग फुटत होता.

या वेळी मी हुरळलो नाही. मी त्याच्याभोवती चार विटा लावणार होतो, पण मग वाटलं, विटांची सावली पडेल. पाणी किती घालावं कळेना, म्हणून चमच्याने घातलं. एका फुलात किती बिया असतात हे लायब्ररीत जाऊन पाहिलं. वीस-तीस. पुरेत. वीस म्हणजे पुढल्या वर्षी वीस झाडं, त्याच्या पुढल्या वर्षी वाफा. शरयूने एकावरूनच सुरुवात केली होती. फूल उमललं, पाच दिवसांनी वीणा यायची होती. मी ठरवलं, तिला पहिल्या दिवशी काही बोलायचं नाही. सकाळी चहा झाला की तिला पायरीशी न्यायचं, खाली बसवायचं, पानाला हात लावायला सांगायचं, आणि मग सगळं सांगायचं. दीडशे फुलांचं, सरोवराचं, चाकवताचं. तिला सांगितल्यावर मला थोडं हलकं वाटणार होतं. त्या फुलाखेरीज ती गोष्ट मला सांगताच आली नसती. हातात काहीतरी ठेवूनच असल्या गोष्टी सांगता येतात.

वीणा शुक्रवारी संध्याकाळी आली. भाड्याच्या गाडीतून उतरली, मला मिठी मारली, आणि सरळ घराच्या बाजूला वळली. उघडा वाफा बघून म्हणाली, "बाबा? फुलं कुठेत?" मी म्हटलं, "उद्या दाखवतो." "म्हणजे काय? व्हॉट डू यू मीन, उद्या?" "उद्या. आत चल, पिठलं केलंय." ती माझ्याकडे पाहत राहिली, आईसारखी, मान जरा कलती करून. पण दमली होती, आत आली. जेवताना तिने अपार्टमेंटचं विचारलं, मी म्हटलं तेही उद्या. ती वरच्या आपल्या जुन्या खोलीत झोपायला गेली आणि जिन्याची चौथी पायरी करकरली. जिन्यावर दुसऱ्या माणसाच्या पायाचा आवाज दीड वर्षाने झाला. मी त्या रात्री औषधाशिवाय झोपलो, इतका गाढ की सकाळी जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या मधोमध आलं होतं.

उदबत्तीचा वास येत होता. काही क्षण, मला हे लिहायलाही नको वाटतं, काही क्षण मी नुसता पडून राहिलो, कारण शरयूच्या घरात सकाळ अशीच व्हायची. मग आठवलं. मी उठून कपाटाकडे गेलो. वीणा ओल्या केसांनी फळीसमोर उभी होती. सगळे देव घासूनपुसून मांडलेले, समई नव्हती म्हणून केकवर लावतात त्या मेणबत्त्यांतली एक लावलेली. ती वळली. डोळे भरलेले, पण चेहरा हसरा. "बाबा, झोप झाली? मी म्हटलं आज मी करते पूजा. आई करायची तशी. पाच फुलं हवी ना? आय लुक्ड एव्हरीव्हेअर. तू सगळी आधीच तोडलीस का? एकच मिळालं, गॅरेजपाशी. पण बघ ना, इट्स हर कलर! एक्झॅक्टली आईचा कलर."

फोटोपुढे, स्टीलच्या फुलपात्रात, ते होतं. पिकल्या जांभळाचा रंग. टोकाला पांढुरकी किनार. मी विचारलं, "झाड?" ती म्हणाली, "ते पूर्णच आलं हातात, खडीच होती ना. मग मी खालचं कापून टाकलं. का?" स्वयंपाकघराच्या ओट्यावर कात्री पडली होती आणि तिच्या शेजारी बोटभर मूळ, त्याला माती चिकटलेली. तिला पाचाचा नियम माहीत होता. दहा-बारा वर्षं आईच्या मागे मागे फिरून तिने तो उचलला होता, कोणी न शिकवता. त्यामागचं कारण मात्र आम्हा बापलेकींना दोघांनाही आईने सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं.

"का, बाबा? काही चुकलं का?"

इथे मी तिला सगळं सांगू शकलो असतो. तिची चूक माझ्या चुकीहून लहान होती, एका फुलाची. पण सांगितलं असतं तर तिच्या मनातून ती जन्मभर गेली नसती, हे मला आतून ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही गं. छान केलंस." आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मोकळी होऊन, आणि मग नाक पुसत म्हणाली, "बिया ठेवशील ना मला?" मी म्हटलं, "बघू." मेणबत्ती विझली. जरा वेळाने ती म्हणाली, "बाबा, प्लीज. चल ना माझ्याकडे."

"येतो," मी म्हटलं.

तिला खरं वाटेना. वर्षभर वाद घालून मी एका शब्दात हो कसा म्हणालो, याचा आनंद तिला आवरेना. ती लगेच फोनकडे धावली. मी ऐकत होतो, ही सेड येस, ही फायनली सेड येस.

रविवारी सकाळी वीणा अजून झोपली होती तेव्हा मी फुलपात्रातलं फूल काढलं. कडा आत वळल्या होत्या, रंग उतरला होता. सरोवराकडे गेलो नाही. वाफ्याशी जाऊन गुडघ्यांवर बसलो, बोटाने माती बाजूला केली, फूल ठेवलं आणि वरून माती सारखी केली. त्यात बी नव्हतं. बी धरायला फुलाला झाडावर अजून तीन आठवडे हवे होते, हे मी लायब्ररीत वाचलं होतं. कुंपणापलीकडून मिसेस लुंडने हात वर केला आणि विचारलं, काही नवीन लावताय का. मी म्हटलं, नाही, घर विकायला काढतोय. ती म्हणाली, मग संध्याकाळी मुलीला घेऊन कॉफीला या, सात वाजता. मी बरं म्हटलं, आणि आत जाऊन कॅलेंडरवर लिहिलं.